आठव्या माळेचं पाणी

आमच्या घरात दिवसभर एक आवाज चालू असे आणि तो माझ्यामुळं असे. स्वयंपाकघराच्या दाराशी कमरेपर्यंत जमिनीत पुरलेला रांजण होता आणि त्याच्या तोंडावर झाकण म्हणून जर्मनचं ताट ठेवलेलं होतं. ते सरकवलं की रांजणाच्या काठावर खर्र वाजायचं. तो खर्र ऐकला की घरात जे कोण असेल ते हातातलं काम न सोडता म्हणायचं, "सुमी उठली." अभ्यासाला बसले, खर्र. भाकरीचे दोन घास खाल्ले, खर्र. झोपेतून उठले, पुन्हा खर्र. तांब्या बुडवायचा, उभ्याउभ्या रिकामा करायचा, परत बुडवायचा. पोट डब्ब व्हायचं तरी जीभ टाळूला चिकटलेलीच. शाळेत पोरी मला रांजण म्हणायच्या. मी त्यांच्याशी भांडायचे, भांडून घसा कोरडा पडला की हौदाकडं पळायचे, आणि मग त्या आणखीच हसायच्या. आता सत्तरीला टेकले आहे. तहान होती तिथंच आहे. चिडवणाऱ्या एकेक करून गेल्या आणि भांडायची ताकद माझ्यातही उरली नाही, एवढाच काय तो फरक.

घर आत्याच्या हातात होतं. आत्या म्हणजे आण्णांची, माझ्या वडिलांची, थोरली बहीण. लग्नानंतर दोन-तीन वर्षांतच कपाळ पांढरं करून माहेरी आली आणि आईबाप गेल्यावर आण्णांना तिनंच वाढवलं. त्यामुळं घरात तिचा शब्द शेवटचा. हात सढळ, जीभ तिखट आणि मीठ जरा जास्तच. तिच्या हातची येसर आमटी मी आजही विसरलेले नाही. भाकरी कुस्करून खाताना नाकातून पाणी यायचं आणि ताटाजवळ तांब्या लागायचाच. आई तिच्यापुढं आवाज न करणारी. बोलली तर मान खाली घालून, नाहीतर नुसतं "व्हय वन्सं." आईचं काम पाणी आणणं. गावाबाहेर ओढ्याकाठी विहीर होती. डोक्यावर चुंबळ, तिच्यावर घागर, तिच्यावर कळशी, कडेवर आणखी एक. बाकीच्या बायका जेवढ्या खेपा करत त्याहून आईच्या जास्त व्हायच्या, आणि त्या जास्तीच्या खेपा माझ्या होत्या हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. आई कधी काही म्हणाली नाही. आत्या म्हणायची, "तुझ्या पायी तुझ्या आईच्या टाळूवरचे केस गेले बग." ते खरं होतं. आईच्या डोक्यावर चुंबळीएवढी जागा विरळ झाली होती, आणि वेणी घालताना ती पदर पुढं ओढून ती जागा झाकायची.

आत गेलेलं पाणी बाहेर यायचंच, आणि खरी फजिती तिथं होती. घराला संडास नव्हता, तेव्हा कुणाच्याच घराला नव्हता. बायकांनी उजाडायच्या आत जायचं आणि मग अंधार पडल्यावर. मधला सगळा दिवस दाबून धरायचा. बाकीच्या बायका ते कशा करायच्या मला ठाऊक नाही. मला ते कधीच जमलं नाही. घरामागं कडब्याची गंज होती. तिच्या आडोशाला आई लुगड्याचा पदर दोन्ही हातांनी पसरून उभी राहायची आणि मी खाली बसायचे. दिवसातून किती वेळा, ते कशाला सांगू. लोकांना तहान दिसते, तिच्या मागचं हे दुसरं दिसत नाही. पुढं नोकरीत, प्रवासात, लग्नकार्यात, जन्मभर मी आधी पाण्याची जागा बघितली, मग आडोशाची, आणि मगच माणसांकडं बघितलं. उमरग्यापासून सोलापूरपर्यंतच्या प्रत्येक स्टँडवरची मोरी मला पाठ आहे. याचा मला आता मनापासून कंटाळा आला आहे.

आण्णा ट्रकवर होते. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर त्यांची ये-जा. आठ-पंधरा दिवसांनी जळकोटला फाट्यावर गाडी लावायचे आणि गावापर्यंत चालत यायचे. खांद्याला कायम छागल लटकलेली, म्हणजे जाड कापडाची पाण्याची पिशवी. ट्रकच्या बाहेरच्या अंगाला ती बांधून ठेवायची, वाऱ्यानं पाणी गार राहतं. कापड सदा ओलं असायचं आणि आण्णांच्या सदऱ्यावर एका बाजूनं कायमचा ओला डाग. आले की छागल माझ्या हातात द्यायचे. "घे, हैदराबादचं हाय." पाण्याला कापडाचा आणि डिझेलचा वास यायचा, तरी मला ते सगळ्यात गोड लागायचं. आम्ही दोघं ओसरीवर बसून ती छागल संपवायचो आणि आण्णा अंगणाबाहेर जाऊन यायचे, पुन्हा प्यायचे, पुन्हा जाऊन यायचे. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. डायव्हर माणूस, इंजिनाच्या उष्णतेत बसतो, पिणारच पाणी. आणि बाप्या माणसाला सगळा हायवे मोकळा.

माझ्यावर मात्र उपाय चालू होते. धन्याचं पाणी झालं, सब्जा झाला, वाळ्याची मुळी रांजणात टाकून झाली. एका म्हाताऱ्या वैद्यानं सांगितलं, पोर जिथं बसते तिथं मुंग्या लागतात का बघा, लागल्या तर साखरेचा रोग. आत्या त्यानंतर कितीतरी दिवस गंजीमागं वाकून बघत होती. मुंग्या लागल्या नाहीत. उमरग्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तपासून तेच सांगितलं, साखर नाही, पोरीला सवय लागली आहे, हळूहळू पाणी तोडा. सवय हा शब्द आत्यानं धरून ठेवला. रोग असता तर तिनं पदर खोचून माझी सेवा केली असती. सवय म्हटल्यावर ती मोडणं आलं.

मी नववीत होते तेव्हा ईटकडचं एक स्थळ आलं. पाव्हणे ओसरीवर बसलेले, मी पोह्यांच्या बशा देऊन समोर बसले आणि थोड्याच वेळात उठून मागं गेले. आले, बसले, पुन्हा उठले. तिसऱ्यांदा उठले तेव्हा त्यातल्या एका बाईनं दुसरीच्या कानाशी तोंड नेलं. आठवड्यानं निरोप आला की पोरीच्या अंगात काही दुखणं दिसतंय. मला शिकायचं होतं, त्यामुळं मला आतून बरंच वाटलं. आत्या मात्र दोन दिवस जेवली नाही. तिच्या डोळ्यांपुढं तिचं स्वतःचंच आयुष्य उभं राहिलं असणार, भावाच्या घरी रांजणाशेजारी म्हातारी झालेली एक बाई. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "हिच्या जल्माच्या वक्ताला म्या देवीला बोलले हुते, ते फेडायचं राहिलंय. घट बसले की आठव्या माळेला हिनं निर्जळी धरायची. सूर्य उगवल्यापस्नं आरतीपत्तूर थेंब न्हाय. देवीपुढं मोडलेली सवय परत लागत न्हाय."

आई चुलीपुढं होती. ती म्हणाली, "वन्सं, एवढं नगं. तिला सोसायचं न्हाय."

"म्या बी धरतीय की तिच्यासंगं," आत्या म्हणाली. "मला सोसंल तर पंधरा वर्साच्या पोरीला न सोसाय काय झालं?"

आत्याचं हे खरं होतं. तिनंही त्या दिवशी थेंबभर पाणी घेतलं नाही. म्हणून तिच्यावर मला धड रागावताही येत नाही.

आमच्याकडं घट बसतात ते असे. देव्हाऱ्यापुढं पत्रावळीवर काळ्या रानातली माती पसरायची, तिच्यात गहू, ज्वारी, करडई, हरभरा पेरायचा आणि मधोमध कुंभारवाड्यातून आणलेला कोरा घट बसवायचा. त्यात पाणी भरायचं, वर विड्याची पानं आणि नारळ. रोज एक फुलांची माळ वरून सोडायची. आमच्याकडं नवरात्राचे दिवस माळांनीच मोजतात. घट कच्चा भाजलेला असतो. त्याच्या अंगातून पाणी पाझरतं, माती ओली राहते आणि आठवड्यात घटाभोवती पिवळंहिरवं धान बोटभर वर येतं. रोज घटात थोडं पाणी घालायचं, पण घट हलवायचा नाही. काही झालं तरी नाही. घट हलला तर घर हलतं, असं आत्या म्हणायची आणि सगळा गाव तसंच मानायचा. लहानपणी मी त्या घटापुढं बसून त्याच्या अंगावरचा ओलावा बघत राहायचे. भोक दिसत नाही, चीर दिसत नाही, आणि पाणी मात्र बाहेर.

आठव्या माळेच्या सकाळी आत्यानं रांजण उपसून कोरडा केला आणि फडक्यानं आतून पुसून घेतला. घागरी, कळशा, माठ, जे काही पाणी होतं ते सगळं शेजारच्या शांताकाकूंच्या घरी नेऊन ठेवलं. डोळ्यांपुढं पाणीच नको, मन चळायला नको, हा तिचा विचार. पाऊस त्या वर्षी बेताचाच झालेला, आणि आश्विनातलं ऊन आमच्याकडं उन्हाळ्यासारखंच तापतं. पहिला प्रहर मी कसाबसा काढला. मग ओठ फुटले. मग राग यायला लागला, कशाचाही, माशीचासुद्धा. बाहेर मात्र मला जावंच लागत होतं, आणि याचं आत्याला नवल वाटत होतं. "पाणी प्याली न्हाय तरी येतंय कुठनं?" ती म्हणाली. मीही तेच मनात म्हणत होते. दुपारी डोकं ठणकायला लागलं, अंग तापलं आणि घटाभोवतीचं धान एकदा जवळ, एकदा लांब दिसायला लागलं. मी सवयीनं उठून रांजणाचं ताट सरकवलं. खर्र वाजलं. आत हात घातला तर कोरडी माती बोटांना लागली. तो कोरडा स्पर्श मी अजून विसरलेले नाही.

आत्या गल्लीतल्या बायकांबरोबर देवीच्या देवळात ओटी भरायला गेली होती. आईला माझ्यापाशी ठेवलं होतं. पुढचं काही मी पाहिलेलं आहे आणि काही नंतर आईकडून तुकड्यातुकड्यानं काढून घेतलेलं आहे. मी भिंतीला टेकून बसले होते ती एका अंगावर कलंडले. आईनं हाक मारली तर मी भलतंच काही बोलायला लागले, ट्रक आला, ट्रकखाली पाणी आहे, असं काहीबाही. मग बोलणं थांबलं आणि हातपाय झटके द्यायला लागले. आई पळत शांताकाकूंच्या दाराशी गेली. दाराला कुलूप, शांताकाकूही देवळातच. पलीकडच्या घराला कुलूप. सगळी गल्ली देवीपुढं. विहीर लांब ओढ्याकाठी, आणि पाणी आणायचं म्हटलं तरी घरात घागर-कळशी उरली नव्हती. आई परत आली. माझे डोळे वर गेलेले. तिनं देव्हाऱ्याकडं बघितलं.

मला शुद्ध आली ती गळ्यावरून गार काहीतरी ओघळल्यामुळं. डोळे उघडले तर आईनं घट दोन्ही हातांत धरला होता. नारळ बाजूला मातीत पडलेला, विड्याची पानं विस्कटलेली, वरची झेंडूची माळ तुटून तिच्या खांद्यावर आलेली. ती घोटघोट पाणी माझ्या तोंडात सोडत होती आणि रडत होती. एवढं घाबरलेलं माणूस मी आयुष्यात पुन्हा पाहिलं नाही. घट तिनं खाली ठेवला नाही. मातीचा वास, झेंडूचा वास आणि पाणी. मी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले आणि रिकामा घट तिच्या हातातून घेऊन त्याच्या आतल्या ओल्या अंगाला जीभ लावली.

तेवढ्यात बायका परत आल्या. आत्या दारातच थांबली, तिच्या हातातलं ओटीचं ताट कलतं झालं आणि तांदूळ उंबऱ्यावर सांडले. मागून कुणीतरी "आगं बया" म्हणालं.

"घट हलवलास?" आत्या म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, नुसता फाटलेला होता. "लेकुरवाळी बाई तू, घट हलवलास?"

आईनं तोंड वर केलं. आईला मान वर करून आत्याशी बोलताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं आणि त्यानंतरही कधी नाही.

"तुमच्या देवीला तहान न्हाय वन्सं," ती म्हणाली. "हिला हाय."

शांताकाकू आपल्या घरी धावल्या आणि एक घागर घेऊन आल्या. तेवढी एक बाई त्या दिवशी शहाणी निघाली. आत्यानं नवा घट मागवला, मातीत बसवला, देवीपुढं नाक घासलं. पण मन मानेना. त्या दसऱ्याला आमच्या घरचं धान गल्लीत कुणी टोपीत खोवलं नाही. धान मात्र चांगलं आलं होतं.

दसऱ्याला आण्णा आले. ट्रकला हार घालायचा म्हणून दरवर्षी यायचेच. ओसरीवर बसून त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आधी आत्याकडून आणि मग गल्लीकडून. आण्णांनी खांद्यावरची छागल काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "आक्का, म्या रोज दोन छागली पितो. म्या न्हाय प्यालो तर मला चक्कर येती, ष्टेरिंग दिसत न्हाय. मला कुनी निर्जळी धराय सांगितली न्हाय कधी."

"तू बाप्या मानूस," आत्या म्हणाली.

"तेच म्हनतोय म्या," आण्णा म्हणाले, आणि उठून घटाभोवतीचं मूठभर धान उपटून त्यांनी आपल्या टोपीत खोवलं.

चार दिवसांनी ते मला गाडीत घालून उमरग्याला घेऊन गेले. तिथं मुलींचं वसतिगृह होतं. आण्णांनी शाळा किती चांगली, जेवण कसं, काही विचारलं नाही. नळ आहे का आणि संडास आतल्या आत आहे का, एवढंच विचारलं. दोन्ही होतं. मी शिकले ती त्या दोन गोष्टींच्या जोरावर. पुढं त्याच गावात विज्ञानाची बाई म्हणून हायस्कुलात लागले, तिथंच लग्न झालं, तिथंच मुलगा झाला.

मी नोकरीला लागले त्याच्या पुढच्याच वर्षी आण्णा गेले. हैदराबादच्या अलीकडं अपघात झाला. पाय मोडला होता. जीव जावा असं काही नव्हतं. दवाखान्यात ऑपरेशन व्हायचं म्हणून पोट रिकामं ठेवा, पाणी देऊ नका, असं सांगितलेलं. ते सगळ्यांनाच सांगतात. त्यांचा क्लीनर मौलाचाचा, जो जन्मभर त्यांच्याबरोबर त्या रस्त्यावर राहिला, तो रात्रभर खाटेशी होता. नंतर आमच्या ओसरीवर बसून तो लहान पोरासारखा रडला. "पानी पानी करत हुते भाबी. डाक्टर नको म्हनले म्हनून म्या न्हाय दिलं. मग भलतंच बोलायला लागले. मग बोललेच न्हाईत." आई ऐकत होती. तिनं उठून मौलाचाचाला तांब्याभर पाणी दिलं आणि ती आत गेली.

गावानं काय ते ठरवून टाकलं. घट हलला, घर हललं. आत्यानं मात्र तोंडातून ते कधी काढलं नाही, एवढा मोठेपणा तिचा सांगायला हवा. गरज नव्हती, आईनं ते स्वतःच धरून घेतलं होतं. त्या वर्षीपासून दर नवरात्रात आठव्या माळेला आई निर्जळी धरायला लागली. पुढं माझ्याकडं उमरग्याला राहायला आली तरी सोडली नाही. घरात नळ, फ्रिजात बाटल्या, आणि ही घटापुढं कोरड्या ओठांनी बसलेली. मी चिडायचे. म्हणायचे, "आई, मी शाळेत काय शिकवते आणि माझ्या घरात तू काय करतेस?" ती म्हणायची, "तुला पाजलं त्याचा मला पस्तावा न्हाय बाई. पर देवीचं घेतलंय, ते फेडाय नगं?" म्हातारपणी गोळ्या चालू झाल्या, डॉक्टरांनी उपास बंद सांगितले, तरी तो एक दिवस तिनं सोडला नाही. एकदा, मी तिच्या डोक्याला तेल लावत होते, त्या विरळ जागेवर माझा हात असताना तिनं विचारलं, "तुझे आण्णा माझ्यामुळं गेले का गं?" मी म्हणाले, "नाही." पण का नाही, ते सांगायला माझ्याकडं काही नव्हतं. नुसती माया होती, आणि मायेनं दिलेलं उत्तर तिला ओळखू यायचं. तिनं नुसतं "बरं" म्हटलं. तशीच ती गेली.

आता गंमत अशी की सातवी-आठवीच्या पोरांना परासरण शिकवण्यात माझी उभी नोकरी गेली. बेदाणे पाण्यात घालायचे, फुगले की दाखवायचे. बटाटा कोरून त्याची वाटी करायची, आत मीठ टाकायचं, बाहेर पाणी ठेवायचं आणि आत पाणी जमलं की पोरांचे डोळे बघायचे. दरवर्षी एखादं तरी विचारायचं, "बाई, पाणी जातंय कुठनं? भोक तर दिसंना." मी सांगायचे, पेशीच्या पटलातून झिरपतं, नवरात्रातल्या घटासारखं. पोरांना पटायचं. मलाही पटलेलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

गेल्या वर्षी माझी नात, मुलाची मुलगी, वर्षाचीही नव्हती तेव्हा सारखी तापायला लागली. वजन वाढेना, दिवसभर किरकिर, आणि पाण्याची बाटली दिसली की दोन्ही हात पुढं. मुलगा माझ्याकडं बघायचा, मी मुलाकडं. तोही माझ्यासारखाच, बाटलीशिवाय घराबाहेर न पडणारा. सोलापूरला मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथली डॉक्टरीण माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची. तिनं घरातल्या सगळ्यांची तहान विचारली. मी रांजणापासून सुरुवात केली आणि तिनं मला मधे तोडलं नाही.

रक्त तपासायला लांब पाठवलं, ते आल्यावर तिनं मला समोर बसवून समजावलं. म्हणाली, बाई, पाणी पटलातून थोडंफार झिरपतं हे खरं, पण तेवढ्यावर शरीराचं भागत नाही. पेशीच्या पटलात प्रथिनांच्या बारीक वाटा असतात, फक्त पाण्यासाठी केलेल्या. इतक्या अरुंद की पाण्याचे कण एकामागं एक रांगेनंच जाणार, आणि मीठ त्यातून जाऊच शकत नाही. मूत्रपिंडात पाणी वाहून जात असताना शरीर त्यातलं बरंचसं या वाटांनी परत ओढून घेतं. अंगात पाणी कमी पडलं की मेंदू सांगावा धाडतो, आणि पेशीच्या आत ठेवलेल्या या वाटा वर पटलात येऊन बसतात. "तुमच्याकडं सांगावा पोचतो," ती म्हणाली, "पण वाटा वर येत नाहीत. त्या चार-चारच्या गटानं राहतात. त्यातली एक जरी बिघडलेली असली तरी ती बाकीच्या तिघींना घेऊन भलतीकडंच जाते. काही गट चांगले निघतात, त्यांच्यावर तुम्ही आजवर जगलात." मला विहिरीवरच्या बायका आठवल्या. चौघींतली एक अडखळली की चौघींच्या घागरी सांडायच्या. म्हणजे पाणी मी कमी पीत नव्हते की जास्त पीत नव्हते. जेवढं वाहून जात होतं तेवढंच पीत होते. आणि निर्जळीच्या दिवशीही ते येत होतं कुठून, या आत्याच्या प्रश्नाला उत्तर मिळालं. ते माझ्या रक्तातून येत होतं.

"हे तुमच्या आईकडून नाहीतर वडिलांकडून आलं असणार," ती म्हणाली. मी तिला छागल सांगितली, ऑपरेशनआधीची ती रात्र आणि मौलाचाचा सांगितला. तिनं हातातलं पेन खाली ठेवलं. म्हणाली, "तेव्हा कुणाला कळणं शक्यच नव्हतं. त्यांच्या कागदावर हे लिहिलेलं असतं तर शिरेतून ग्लुकोजचं पाणी चालू ठेवलं असतं." मग तिनं विचारलं, "त्या नवरात्रात तुम्हाला झटके आले, तेव्हा पाणी कुणी पाजलं?"

"आईनं," मी म्हणाले. "घटातलं."

"साधं पाणी?"

"साधंच. विहिरीचं."

"फार बरं केलं त्यांनी," डॉक्टरीण म्हणाली. "आणखी तासभर गेला असता तर तुम्ही इथं बसला नसता. ही पोरगीही नसती."

फार बरं केलं. एवढंच वाक्य. गल्लीत, गावात, देवळात, जन्मभरात एकानं तरी ते आईला म्हणायला हवं होतं. आण्णा तिच्यामुळं गेले का, याला आता माझ्याकडं मायेशिवायचं उत्तर आहे. ते ज्याच्यामुळं गेले ते त्यांच्या अंगात जन्मापासून होतं, आणि माझ्या अंगातल्या त्याच गोष्टीपासून तिनं मला ओढून काढलं होतं. उत्तर आलं आणि विचारणारी नाही. दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून मी रडले. मुलाला वाटलं पोरीच्या काळजीनं. पोरीचं आता ठीक आहे. औषध आहे, मीठ बेताचं, आणि तिला कुणी कधी तहानेलं ठेवायचं नाही, एवढं सांगितलं आहे.

या नवरात्रात मी नेहमीप्रमाणं घट बसवले. विज्ञानाची बाई असून घट बसवते म्हणून कुणी हसेल तर हसो. मला त्या घटाचं देणं आहे. आठव्या माळेला दुपारी आईचा फोटो भिंतीवरून काढला, घटाशेजारी ठेवला आणि तांब्याभर गार पाणी भरून तिच्यापुढं ठेवलं. म्हटलं, "आई, फिटलं सगळं. पी आता." ती फोटोत पदर पुढं ओढून बसली आहे तशीच बसून राहिली. नात दुडदुडत आली, घटाला हात लावायला लागली, मी तिला अडवलं नाही. तिला बाटली दिली. थोड्या वेळानं माझी जीभ टाळूला चिकटली. उठून नळापर्यंत जायचा कंटाळा आला. आईपुढचा तांब्या उचलला आणि एका दमात रिकामा केला. तिनं तो माझ्यासाठीच ठेवला असता.